बेसबॉलपटू म्हणे आपला भाव आपणच ठरवतो!

डिसेंबर 2023 मध्ये बेसबॉलपटू शोहेई ओहतानीने लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाशी 70 कोटी डॉलरचा करार केला, आणि तेव्हापासून क्रिकेटप्रेमींच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: आयपीएलमध्ये खेळाडू लिलावात उभा राहतो, अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये मात्र तो राजा असतो. हवा तेव्हा संघ बदलतो, पगारावरून वाजलं तर लवाद त्याला मागेल ते देतो, हा हक्क त्याला कोर्टाने मिळवून दिलाय आणि पगाराला वर मर्यादा म्हणून नाही. यातला शेवटचा मुद्दा तेवढा खरा आहे, आणि तोही अर्धाच.

‘हवा तेव्हा संघ बदलतो.’ ओहतानीचंच बघू. 2018 मध्ये तो एंजल्स या संघाकडे आला तेव्हा वय 25च्या आत, त्यामुळे नियमाने त्याला किमान पगारावरच सुरुवात करावी लागली: वर्षाला 5 लाख 45 हजार डॉलर. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. 2021 मध्ये एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हाचा पगार होता 30 लाख. 70 कोटींची बोली लागायला सहा हंगाम पूर्ण व्हावे लागले, कारण फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा, होण्याची अट तीच आहे: मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा. पहिली साधारण तीन वर्षं क्लब देईल तो पगार घ्यायचा (मालक आणि खेळाडू संघटना यांच्या करारातली किमान रक्कम 2025 मध्ये 7 लाख 60 हजार होती), पुढची तीन वर्षं लवादाचा हक्क, आणि एवढं झाल्यावर बाजार. या सहा वर्षांत क्लब त्याला परस्पर दुसऱ्या संघाला देऊ शकतो, तो स्वतः मात्र कुठे जाऊ शकत नाही.

आणि ‘वर्ष’ मोजण्यातही गंमत आहे. सेवेचे 172 दिवस भरले की एक वर्ष. 2015 मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट या नवख्याला सरावसामन्यांत 9 होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारूनही मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, पाठवलं. कारण सांगितलं, क्षेत्ररक्षण सुधारायचंय. हंगाम सुरू होऊन दीड-दोन आठवडे होताच त्याला वर बोलावलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले 171. एका दिवसाने त्याचं फ्री एजंट होणं वर्षभर पुढे गेलं. त्याने तक्रार केली आणि 2020 मध्ये तो ती हरला.

‘लवाद मागेल ते देतो.’ लवादाला मागेल ते देण्याची सोयच नाही. खेळाडू एक आकडा देतो, क्लब एक आकडा देतो आणि तिघांचं मंडळ त्यातला एक उचलतं. मधला आकडा काढायला बंदी. म्हणून अवाच्या सवा मागणारा खेळाडू आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो, आणि हात आखडता घेणारा क्लबही तेच करतो. पद्धतीचा डाव हाच आहे की दोघांनी घाबरून आधीच तडजोड करावी, आणि बहुतेक जण करतातही. सुनावणीत बाजू मांडायला प्रत्येकाला तासभर, उत्तराला अर्धा तास. गेल्या हंगामाची कामगिरी, तेवढ्याच सेवेच्या इतर खेळाडूंचे पगार, शारीरिक-मानसिक उणिवा, सगळं निघतं. क्लबची तिजोरी किती भरलीय हे मात्र काढता येत नाही. मंडळ निकालाची कारणं देत नाही. 1974 पासूनचा हिशेब धरला तर जास्त सुनावण्या क्लबांनी जिंकल्या आहेत.

कॉर्बिन बर्न्सला विचारा. 2021 मध्ये नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, साय यंग पुरस्कार मिळवलेला हा माणूस. 2023 च्या सुनावणीत त्याने मागितले 1 कोटी 7 लाख 50 हजार, मिलवॉकी ब्रुअर्सने देऊ केले 1 कोटी 10 हजार. तो हरला. फरक 7 लाख 40 हजारांचा, पण त्याला झोंबलं ते दुसरंच. संघाला प्लेऑफ गाठता आले नाहीत याचं खापर आपल्यावर फोडलं गेलं आणि नातं दुखावलं, असं तो उघडपणे बोलला. ज्यांच्यासाठी महिन्या-दोन महिन्यांत मैदानात उतरायचं, त्यांचेच वकील समोर बसून आपल्या उणिवा वाचून दाखवतात! वर्षभरात त्याची रवानगी बाल्टिमोरच्या संघात झाली.

‘हक्क कोर्टाने मिळवून दिला.’ इथे तर सगळं उलटं आहे. जुन्या करारातल्या राखीव कलमामुळे खेळाडू आयुष्यभर एकाच क्लबला बांधलेला असे. कर्ट फ्लड या खेळाडूला 1969 मध्ये सेंट लुइसच्या संघाने न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला दिलं, तेव्हा तो न्यायालयात गेला आणि 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 5–3 ने हरला. बेडी तुटली ती 23 डिसेंबर 1975 ला, पीटर सीट्झ या तक्रार-लवादाच्या (करारावरच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्याच्या) निकालाने: अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या खेळाडूंचा नव्या करारावर सही न करता एक हंगाम सरला, आता ते मोकळे. (पगाराचा लवाद वेगळा, हा वेगळा, फिरत्या मजकुरात दोघांची खिचडी झालीय.) मालकांनी सीट्झना लगेच काढून टाकलं. न्यायालयांनी केलं ते एवढंच, की मालकांनी आव्हान दिल्यावर हा निकाल कायम ठेवला.

सहा वर्षांची अट आली ती त्यानंतर, 1976 च्या वाटाघाटींत. ओकलंड संघाचे मालक चार्ली फिनली सांगत होते, सगळ्यांनाच दरवर्षी मोकळं करा. खेळाडू संघटनेच्या मार्विन मिलरना याचीच धास्ती होती. शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले की भाव पडणार, थोडे आले की चढणार. बाकीच्या मालकांना हे कळलं नाही. आज डोळे विस्फारणारे आकडे आहेत ते या टंचाईचे.

मर्यादेचं म्हणाल तर थेट मर्यादा नाही, पण 2025 मध्ये पगारखर्च 24 कोटी 10 लाखांपुढे गेला की क्लबला कर पडत होता. आणि ओहतानीच्या 70 कोटींतले 68 कोटी 2034 ते 2043 या काळात मिळणार, बिनव्याजी. सध्या हातात वर्षाला 20 लाख.

बाजार उघडला तरी मालकांनी बोलीच लावली नाही तर? 1985 पासून तीन हिवाळे तेच झालं. आंद्रे डॉसन या खेळाडूने 1987 मध्ये रकमेची जागा कोरी ठेवून सही केलेला करार शिकागो कब्जच्या हातात दिला. त्यांनी मूळ पगार म्हणून 5 लाख भरले, आणि तो त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मालकांनी संगनमत केल्याचं लवादापुढे सिद्ध झालं आणि 1990 मध्ये त्यांनी 28 कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.