स्नूपिंग चालू केल्यानं मल्टिकास्ट व्हीलॅन ओलांडत नाही

‘एका व्हीलॅनमधली मल्टिकास्ट स्ट्रीम दुसऱ्या व्हीलॅनमध्ये हवी? स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू करा. तरी आली नाही तर स्नूपिंग बंद करा, फायरवॉलमध्ये यूडीपी मोकळं सोडा आणि टीटीएल वाढवा.’ हा सल्ला जिकडेतिकडे फिरतो. (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क; मल्टिकास्ट म्हणजे मागणाऱ्या अनेकांना एकदमच जाणारी स्ट्रीम.) त्यातलं शेवटचं कलम अर्धं खरं आहे. बाकीच्या तिन्हींनी बिघाड एक तर लपतो, नाही तर वाढतो.

‘स्नूपिंग चालू करा’

स्नूपिंगचं काम व्हीलॅनच्या आतच संपतं. ज्या पोर्टवरून ग्रुपसाठी (म्हणजे एका मल्टिकास्ट पत्त्यासाठी) जॉइन, म्हणजे आयजीएमपी प्रोटोकॉलमधून ‘मला हवं’ असा निरोप, आला त्या पोर्टला स्ट्रीम द्यायची, बाकीच्यांना नाही, एवढंच ते ठरवतं. व्हीलॅन ओलांडायला मल्टिकास्ट राउटिंग लागतं आणि ते वेगळं चालू करावं लागतं. काही स्विचवर एमव्हीआर (मल्टिकास्ट व्हीलॅन रजिस्ट्रेशन) असतं. ते राउटिंगशिवाय एका स्रोत-व्हीलॅनमधली स्ट्रीम इतर व्हीलॅनच्या पोर्टांवर उतरवतं, पण तेही स्नूपिंगसोबत आपोआप येत नाही.

सिस्को आयओएसवर (सिस्कोच्या उपकरणांच्या प्रणालीवर) आधी ग्लोबल ‘आयपी मल्टिकास्ट-राउटिंग’ द्या (काही मॉडेलांवर पुढे ‘डिस्ट्रिब्युटेड’ लागतं), मग व्हीलॅनच्या इंटरफेसवर ‘आयपी पिम स्पार्स-मोड’ (पिम हा मल्टिकास्ट राउटिंगचा प्रोटोकॉल). नेहमीची चूक इथेच होते: पाहणाऱ्यांच्या व्हीलॅनवर पिम लावलं जातं आणि स्रोताच्या व्हीलॅनवर राहून जातं. दोन्हीकडे हवं. शिवाय स्पार्स-मोडला आरपी (रॉन्देव्हू पॉइंट, स्रोत आणि पाहणारे जिथे जुळतात तो राउटर) लागतो. लेयर ३ (राउटिंग करणारा) स्विच एकच असेल तर त्याचाच लूपबॅक (आभासी इंटरफेस) आरपी म्हणून द्या आणि त्या लूपबॅकवरही पिम लावा. आरपी नकोच असेल तर २३२.०.०.०/८ मधला ग्रुप घेऊन एसएसएम (स्रोत नेमून स्ट्रीम मागायची पद्धत) चालू करा. मात्र मग पाहणाऱ्या अॅपला आयजीएमपी आवृत्ती ३ वापरून स्रोताचा पत्ताही मागता आला पाहिजे.

नंतर ‘शो आयपी एमरूट’ या आज्ञेनं मल्टिकास्ट राउटिंगचा तक्ता पाहा. स्रोत आणि ग्रुप दोन्ही असलेल्या नोंदीत ‘इनकमिंग’समोर ‘नल’ दिसलं, तर आरपीएफ तपासणी (पॅकेट स्रोताकडच्या वाटेनंच आलं का हे पाहणं) फसली आहे; स्रोताकडे जाणारा युनिकास्ट (एकाकडून एकाकडे जाणारा) रूट तपासा. आरपी असलेल्या स्विचवर तारांकित (स्रोताच्या जागी * असलेल्या) नोंदीत ‘नल’ दिसणारच, त्यामागे लागू नका. ‘आउटगोइंग’ यादी रिकामी असेल तर पाहणाऱ्याचा जॉइनच पोचलेला नाही.

खोक्यावर ‘लेयर ३’ लिहिलंय म्हणून पिम असेलच असं नाही. बरेच स्वस्त स्विच फक्त स्टॅटिक रूट करतात. विकत घेण्याआधी डेटाशीटमध्ये पिम शोधा.

‘नाही आलं तर स्नूपिंग बंद करा’

या सल्ल्यावर लोकांचा विश्वास बसतो, कारण स्नूपिंग बंद केल्यावर व्हीलॅनमधली अडकलेली स्ट्रीम खरोखर दिसायला लागते. लक्षण बहुधा ठरलेलं असतं: स्ट्रीम सुरू होते आणि चारेक मिनिटांनी थांबते. कारण व्हीलॅनमध्ये क्वेरिअर (स्ट्रीम अजून कोणाला हवी हे ठरावीक वेळानं विचारणारा) नाही. आयजीएमपीच्या मूळ वेळांनुसार क्वेरी दर १२५ सेकंदांनी जाते आणि सभासदत्व २ × १२५ + १० = २६० सेकंद टिकतं. विचारणाराच नसेल तर कोणी पुन्हा उत्तर देत नाही, आणि स्विच नोंद पुसतो.

स्नूपिंग काढलं की स्ट्रीम सगळ्या पोर्टांवर ओतली जाते. ८ एमबीपीएसच्या २० स्ट्रीम म्हणजे १६० एमबीपीएस. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर बसलेला कॅमेरा किंवा प्रिंटर तिथेच गुदमरतो. वायफायचे हाल त्याहून वाईट, कारण मल्टिकास्ट सहसा तिथे सर्वांत कमी बेसिक रेटनं जातं.

उपाय क्वेरिअर. पिम लावलेला व्हीलॅन इंटरफेस स्वतः क्वेरी पाठवतो. जिथे तो नाही तिथे स्विचवर स्नूपिंग क्वेरिअर चालू करून त्याला आयपी द्या. निवडणुकीत सर्वांत लहान आयपी जिंकतो, तेव्हा कोपऱ्यातला विसरलेला जुना स्विच क्वेरिअर होऊन बसलाय का तेही बघा.

उलट, स्नूपिंग चालू असूनही सगळीकडे पूर येत असेल तर ग्रुपचा पत्ता तपासा. मॅक पत्त्यात (स्विच ज्यावरून पॅकेट पाठवतो त्यात) आयपीचे शेवटचे २३ बिटच उतरतात, म्हणून ३२ ग्रुपांचा मॅक एकच होतो. २३९.०.०.५ आणि २२४.०.०.५ यांचा मॅक सारखा, आणि २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ स्विच सगळीकडे पाठवतोच. २३९.०.०.० आणि २३९.१२८.०.० पासूनचे २५६-२५६ पत्ते टाळलेले बरे.

‘फायरवॉलमध्ये यूडीपी मोकळं सोडा’

परवानगी दिली म्हणून वाट तयार होत नाही. व्हीलॅनचा गेटवे फायरवॉल असेल तर पिम किंवा आयजीएमपी प्रॉक्सी (एका व्हीलॅनमधला जॉइन दुसऱ्याकडे पोचवणारा) तिथेच लागेल. आणि नियमात फक्त यूडीपी (स्ट्रीम वाहून नेणारा प्रोटोकॉल) पुरत नाही: आयजीएमपी हा प्रोटोकॉल क्रमांक २, पिम १०३.

‘टीटीएल वाढवा’

अर्धं खरं ते हे. मल्टिकास्ट पाठवणाऱ्या अॅपचा टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं ते ठरवणारा आकडा) न सांगता बहुधा १ असतो, आणि राउटिंग करणारा स्विच असं पॅकेट टाकून देतो. एकाच स्विचमधून पलीकडे जायला किमान २ हवा, आणि तो स्रोतावर बदलायचा, स्विचवर नाही. ‘टीसीपीडंप -व्ही’मध्ये तो दिसतो.

पण २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे पत्ते टीटीएल कितीही असला तरी राउट होत नाहीत. प्रिंटर, टीव्ही शोधणारं एमडीएनएस २२४.०.०.२५१ वर, पोर्ट ५३५३ वर चालतं. त्याचा टीटीएल २५५ असूनही ते व्हीलॅनमध्येच राहतं. त्याला रिफ्लेक्टर (एका व्हीलॅनमधली विचारणा दुसऱ्यात पुन्हा पाठवणारा) लागतो: लिनक्सवर दोन्ही व्हीलॅनमध्ये पाय असलेल्या मशीनवर अवाही हा एमडीएनएसचा प्रोग्रॅम बसवून ‘एनेबल-रिफ्लेक्टर=येस’ करा. रिफ्लेक्टर फक्त नाव पोचवतो. प्रत्यक्ष छपाई युनिकास्टनं होते, म्हणून प्रिंटरच्या पोर्टला एसीएलमध्ये (व्हीलॅनांमधल्या रहदारीच्या परवानग्यांच्या यादीत) वेगळी परवानगी द्यावी लागते.