बॅचचा ग्रुप चव्हाट्यावर कसा मांडावा

तुमच्याही दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेलच. आणि आपल्या गप्पा आपल्यातच ठेवायच्या की सगळ्यांना खुल्या करायच्या, हा वादही अधूनमधून पेटत असेल. आमच्याकडे गेल्या महिन्यात त्यावर पोल झाला. 'खासगी'वाले दणदणीत जिंकले. निकाल लागला म्हणून मी गाफील राहिलो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे अनुभवाचे बोल.

सर्वप्रथम ग्रुपच्या माहितीत 'इथलं इथेच राहील' असं ठळक अक्षरांत लिहा. कोणी वाचत नाही, त्यामुळे काही बिघडत नाही.

मग दारं उघडा. एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात. तुमच्या तिन्ही तुकड्या मिळून दीडशेसुद्धा भरत नसतील, तर बाकीच्या जागा वाया का घालवायच्या? आमंत्रणाची लिंक स्नेहसंमेलनाच्या फ्लेक्सवर छापा. ज्याच्या हाती लिंक तो आत, वर्गात होता का हे कोण विचारतंय! २०२० मध्ये अशा लिंका चक्क गूगलवर शोधून सापडत होत्या. आमच्यात अजून एक गृहस्थ आहेत. डीपीला गणपती, नाव नुसतं 'एस. के.', दर सोमवारी विम्याची जाहिरात. ते कोणत्या बाकावर बसायचे हे कोणालाच आठवत नाही. लिंक रीसेट करायला अ‍ॅडमिनला एक बटण दाबावं लागतं. दाबू नये.

काय झाकायचं आणि काय दाखवायचं यात घोळ नको. शाळेच्या छपरासाठी जमवलेल्या पैशांचा हिशोब अत्यंत खासगी. तो 'कोअर कमिटी' नावाच्या वेगळ्या ग्रुपात, तिघांतच. कोणाचा घटस्फोट, कोणाच्या पोरीचे बारावीचे मार्क, कोणाची बायोप्सी हे मात्र सार्वजनिक. हिशोब मागणाऱ्याला 'आपण इथे मैत्रीसाठी जमलोय' एवढंच ऐकवा.

कोणी कुरकुर केलीच तर 'लपवण्यासारखं आहेच काय?' असं विचारा. (हे विचारणाऱ्याने स्वतःचा पगार अजून बायकोलाही सांगितलेला नसतो.)

आता मुख्य कला, स्क्रीनशॉट. २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. म्हणजे आपण काय लिहिलं ते खुद्द कंपनीलाही वाचता येत नाही. आपल्याला मात्र दोन बटणं एकदम दाबली की झालं. २०२५ मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' आली. ती लावली की ग्रुपचा चॅट एक्सपोर्ट करता येत नाही, पण स्क्रीनशॉटला तिची आडकाठी नाही. लिहिणारा घाबरून 'डिलीट फॉर एव्हरीवन' करत असेल तर खुशाल करू द्या. तोवर फोटो तीन तालुके फिरून आलेला असतो.

सावज रात्री अकरानंतरचं निवडा. त्या वेळी माणूस खरं बोलतो. उदाहरणार्थ मी. कंपनीने घरी बसवून सतरा दिवस झाले होते. वय एकोणपन्नास. घरी सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून रोज सकाळी डबा घेऊन निघायचो, दुपारी सारसबागेत बाकावर बसून खायचो. त्या रात्री झोप येईना. ज्यांच्यासोबत अंगठे धरून उभा राहिलो त्यांना नाही सांगायचं तर कोणाला, असं वाटलं आणि लिहिलं. पाच ओळी. 'घरी अजून माहीत नाही' हेही लिहिलं. मुद्दाम लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला कराडहून आईचा फोन आला. मला नाही, बायकोला. ती पोळ्या करत होती. फोन स्पीकरवर. "अगं, त्याची नोकरी गेली म्हणतायत गावात, खरं का?" तव्यावरची पोळी काळी होईपर्यंत कोणी हललं नाही. अर्धा भरलेला डबा ओट्यावर उघडाच होता.

आईला शेजारच्या पोराने दाखवलेला स्क्रीनशॉट मी मागवून घेतला. गावच्या ग्रुपवर तो कोणाच्या तरी मेव्हण्याने टाकला होता. डावीकडे माझ्या पाच ओळी, नावासकट. आणि खाली, उजवीकडे, हिरव्या चौकटीत : 'काळजी करू नको मित्रा, आम्ही आहोत', पुढे हात जोडलेले. आता व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, उजवीकडे हिरवं दिसतं ते ज्याचा फोन त्याचं. म्हणजे आधी धीर दिला, मग फोटो काढला. वर कोपऱ्यात बॅटरी नऊ टक्के. फोन मरायला टेकलाय, पण हे काम चार्जरपर्यंत थांबलं नाही!

पकडले गेलात तर कायदा फेका. आमच्या अ‍ॅडमिनने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल टाकला : केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून तो दुसऱ्याच्या मजकुराला जबाबदार ठरत नाही. मी तावातावाने २०१७ चा टाकला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा. आमच्या भांडणाशी दोन्हींचा काडीचा संबंध नव्हता. त्यावर एस. के. यांनी 'सुप्रभात' टाकलं.

बास. तू हे वाचतोयस, मला माहितेय. नाव घेत नाही, कारण ते घेतलं की तुझ्यात नि माझ्यात फरक उरणार नाही. 'चांगल्या मनाने केलं, कोणीतरी नोकरी सुचवेल म्हणून' असं तू दोघांना सांगत फिरतोयस. मग नाव झाकता आलं नाही? 'घरी माहीत नाही' ही ओळ डोळ्यांसमोर असताना बोट कसं चाललं रे तुझं? ग्रुप खासगी का खुला, यावर तूच त्या दिवशी तावातावाने बोलत होतास, खासगीच्या बाजूने! माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. त्या सकाळपासून रोज विचारते, पैसे पाठवू का. बायको नोकरीबद्दल एक शब्द बोललेली नाही. ती सतरा डब्यांबद्दल बोलते. ते तिला मी सांगायला हवे होते, मान्य. पण मी सांगायला हवे होते, तुझ्या मेव्हण्याने नाही.

मदतच करायची होती तर मला फोन करायचास. नंबर होता तुझ्याकडे.