कुलर कुठं ठेवायचा, साहेब?

लागला बाप्पा फ्लेक्स. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पार आरओच्या टाकीपर्यंत. कारखान्याचं कामगार निवास संकुल, दुसरा टप्पा. तळमजला अधिक तीन, २४० घरं, एका घराचं चटईक्षेत्र ३०० चौरस फूट. मधात क्लब हाऊस, कडेनं जॉगिंग ट्रॅक, आणि चित्रात एक गोरीपान बाई केसाळ कुत्रं फिरवून राहिली. भट्टीवर आठ तास उभा राहिलेला माणूस घरी येऊन जॉगिंग करणार. करू द्या. राग तिथं आलाच नाही. राग आला खाली छापलेल्या घराच्या नकाशावर. कारण त्या अख्ख्या नकाशात कुलर ठेवायला जागा नाही.

विदर्भात! जिथं ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४७ ओलांडतो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, गल्लीतलं कुत्रंही नालीत जाऊन बसते, तिथं २४० घरांत एक कुलरची खिडकी नाही.

खिडकी आहे म्हणे. आहे ना. चार फुटी, अॅल्युमिनियमची, सरकती. सरकती खिडकी उघडते किती? अर्धी. चौकट सोडून हातात येतात बावीस इंच, आणि त्यावर बाहेरून पक्की ग्रिल. आता अठरा इंची पंख्याचा आपला लोखंडी कुलर घ्या. अंग दोन-अडीच फूट चौरस. त्यानं राहायचं भिंतीबाहेर, तोंड फक्त आत. तळमजल्यावर स्टँड लावाल. तिसऱ्या मजल्यावर? तिथं बाहेर निस्ती हवा. मग काय होते ते प्रत्येक कॉलनीत दिसते: लोक ग्रिल कापतात, काच काढून प्लायवूड ठोकतात, चार इंची भिंतीत बोल्ट मारून दोन अँगल लटकवतात आणि त्यावर कुलर. टाकीत ८० लिटर पाणी, वर लोखंडाचं वजन, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास ऐवज खालच्या पोट्ट्यांच्या डोक्यावर टांगलेला, तोही दिवसभर थरथरत. चार इंची भिंतीत बोल्टाला पकड किती? दुसऱ्या उन्हाळ्यात भोक मोठं, तिसऱ्यात बोल्ट हातात. मग सोसायटीची नोटीस निघते की बाहेरच्या भिंतीवर काही लावू नये, इमारतीची शोभा जाते.

शोभा!

आणि ज्यांनी घाबरून कुलर खोलीत ठेवला त्यांचं तर विचारूच नका. कुलरला बाहेरची कोरडी हवा ओढावी लागते आणि तेवढीच हवा समोरून निघून जावी लागते. खोलीतलीच हवा फिरवत बसला की तासाभरात भिंती घामेजतात, गादी ओली, आणि माणूस पंख्याखाली होता त्याहून जास्त चिकट. म्हणून समोरच्या भिंतीत झरोका लागतो, कुलरच्या तोंडाएवढा तरी. या नकाशात समोर काय आहे? सामाईक पॅसेज. तिकडं उघडणारी एकच गोष्ट, दार. म्हणजे बाईनं दुपारभर दार सताड उघडं ठेवून झोपायचं, नाहीतर उकडून मरायचं. दोन्ही पर्याय साहेबांनी उदार मनानं खुले ठेवले.

लागते काय, तेही सांगून ठेवतो, कोणी वाचलंच तर. झोपायच्या खोलीला बाहेर निघालेला अडीच बाय अडीचचा आरसीसी कट्टा, स्लॅबसोबतच ओतलेला, नंतर चिकटवलेला नाही. त्यावर जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर तळ येईल अशी दोन बाय दोनची वेगळी खिडकी, सरकती नाही, पल्ल्याची. शेजारी पाण्याची अर्धा इंची तोटी, म्हणजे बादल्या वाहाव्या लागत नाहीत. अर्थिंगचं एक प्लग, तेही खरं अर्थिंग. ओल्या कुलरचा करंट दरवर्षी कुठं ना कुठं माणूस घेतेच. कट्ट्याला बाहेर उतार आणि एक नळी. संपलं. क्लब हाऊसच्या एका काचेच्या पैशात किती कट्टे होतात ते मोजून पाहा.

मूळ दुखणं मात्र कुलरच्याही आधीचं आहे. नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यात जो कामगार आहे तो सकाळी नऊला डबा घेऊन जातो आणि सहाला परततो. जनरल शिफ्ट. अहो, कारखाना तीन पाळ्यांत चालते! सी शिफ्टवाला, म्हणजे रात्रपाळीवाला, सकाळी सहाला सुटतो, सातला घरी, दोन घास खाऊन आठ-साडेआठला आडवा होतो. त्याची रात्र म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी तीन. पाळी दर आठवड्याला फिरते, म्हणजे प्रत्येक घरातला माणूस महिन्यातून एक-दीड आठवडा दिवसा झोपते. आणि झोप न झालेला माणूस रात्री दोनला कन्व्हेअरजवळ उभा राहते. सेफ्टीचे बोर्ड गेटवर लावता, दुपारच्या झोपेची खोली कोणी नकाशात दाखवत नाही.

इथं तर झोपायची खोली नेमकी पश्चिमेला. काहून? तर तिकडून 'व्ह्यू' आहे. व्ह्यू कशाचा, चिमणीचा. न्हाणी आणि संडास, जे पश्चिमेला टाकले तर ऊन स्वतः खाऊन घेतात, ते उत्तरेच्या थंड भिंतीला. शाब्बास. इमारतीची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडानं घ्या, पश्चिमेची भिंत नऊ इंची ठेवा, तिच्यावर न्हाणी-जिना टाका, झोपायला उत्तर नाहीतर पूर्व द्या, हे कळायला सल्लागार लागत नाही. बल्लारशा, वर्धा, बडनेऱ्याला रेल्वेचे जुने क्वार्टर पाहा. जाड भिंती, उंच छत, पुढं ओसरी. बांधणाऱ्या गोऱ्या साहेबाला विदर्भाचं ऊन कळलं होतं, आपल्या साहेबाला कळत नाही, कारण तो एसी गाडीतून उतरून दहा मिनिटं प्लॉट पाहतो, तेही डिसेंबरात.

वरच्या मजल्याचा स्लॅब पाच इंची, वर निस्तं वॉटरप्रूफिंग, काळं. दिवसभर तापते आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली ओकते. म्हणजे दिवसा झोपणारा कुलरविना जातो आणि रात्री झोपणारा स्लॅबखाली. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर टाका. पैसे नसतील तर मार्चअखेर चुन्याचे दोन हात मारा, चिकटायला थोडं फेव्हिकॉल. तेवढ्यानं फरक हाताला कळते. पण चुना निविदेत बसत नाही.

श्वास घेतो जरा. फ्लेक्स पाहून बीपी वाढवणारा गावात आपण एकटाच असावा. बाकीची मंडळी त्याच्या सावलीत बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राहिली होती. फ्लेक्सचा तेवढा उपयोग मान्य.

तर लाइट. २४० घरं, एका घराचा कुलर २०० वॅट, दोन पंखे दीडशे, फ्रिज-टीव्ही-दिवे मिळून अडीचशे. ६०० वॅट. झाले १४४ किलोवॅट. पुस्तकात लिहिते की सगळे एकदम लावत नाहीत. मे महिन्यात दुपारी दोनला सगळे एकदमच लावतात, राजेहो! पॉवर फॅक्टर धरून ते १७० केव्हीएच्या (ट्रान्सफॉर्मर याच मापात मोजतात) घरात जाते, आणि यात सकाळची इंडक्शन शेगडी अजून धरलीच नाही. ३१५ चा ट्रान्सफॉर्मर पाहिजे. दाखवला आहे १०० चा. मग डीओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज, उडेल, लोक काडीनं तार बांधतील, तेल तापेल, आणि ऐन नवतप्यात ट्रान्सफॉर्मर जळाला की नवा यायला आठवडा. तेव्हा साहेब म्हणतील, लोक आकडे टाकतात.

पाण्याचं तसंच. घरटी साडेचार माणसं धरली तर १,०८० जण. फ्लशचे संडास आणि गटार देता म्हणजे माणशी १३५ लिटर धरायला पाहिजे, ते होते जवळजवळ १ लाख ४६ हजार. त्यांनी धरले ५५, गावच्या नळाचा आकडा. वर कुलरचं पाणी कोणी मोजतच नाही: घरटी ८० लिटर म्हटलं तरी दिवसाला १९ हजार लिटर निस्ते हवेत. टाकी ५० हजाराची. पहाटे पाचला ए शिफ्ट आंघोळीला, सातला सी शिफ्ट काळीठिक्कर होऊन परत, त्याच वेळी पोट्टे शाळेला. टाकी साडेसातला कोरडी. बोअर मारू म्हणतात. मारा. यवतमाळ-चंद्रपूरच्या कित्येक गावांत बोअरला फ्लोराइड, तिकडं अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात खारट पाणी. जड पाणी असलं की वाळ्याच्या ताट्यांवर महिन्याभरात पांढरा खडू चढते आणि कुलर निस्ता पंखा होते. आलो ना पुन्हा कुलरवर.

शोषखड्ड्यावर तर वेगळा मोर्चा काढला पाहिजे. काळ्या मातीत शोषखड्डा! जुलैत ती माती स्वतःच तुडुंब असते, ती तुमचं सेप्टिक टँकचं पाणी शोषणार कुठं? पहिल्या टप्प्यात हेच केलं, दर पावसाळ्यात झाकणातून उलटं बाहेर. तिथं टाकीनंतर गिट्टीची गाळण टाकी पाहिजे, पाणी खालून वर चढणारी, आणि पुढं पक्की नाली. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसायला टँकर लागते, त्याला दहा-बारा फुटाचा रस्ता लागते. नकाशात मागची बोळ सहा फुटांची. टँकर आता उडत येईल. आणि धुण्याच्या जागेचं पाणी थेट पाइपात सोडू नका हो, सिमेंटचे-कोळशाचे कपडे आहेत ते. मधात दोन फुटाची गाळ टाकी द्या, नाहीतर पाइपात दगड तयार होते.

पहिल्या टप्प्याला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगाही गेल्या आहेत, प्लास्टर भरून रंग मारला की साहेब खूश. खोल काळी माती असली की तिथं अंडर-रीम पाइल घालतात, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, साडेतीन मीटर तरी खोल, खाली दांड्याच्या अडीचपट गोळा, आणि प्लिंथ बीमखाली (भिंती पेलणाऱ्या पायव्यावरच्या आडव्या बीमखाली) तीन इंच मोकळी जागा, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलत नाही. इथं बीम मातीवर झोपवला. वरून भिंतीला लागून लॉन, त्याला रोज पाणी. एक बाजू ओली फुगलेली, दुसरी सुकून फाटलेली, मधात घर.

आणि ही घरं मिळणार कोणाला? पर्मनंटला. ठेकेदारीवरचे बिहार, ओडिशा, छत्तीसगडचे लोक गावात दहा बाय दहाच्या टिनाच्या खोलीत सहा-सहा, किराया माणशी, कुलरचे पैसे वेगळे, मीटरचा रेट घरमालकाच्या मर्जीनं. पाळीनुसार एकाच खाटेवर आळीपाळीनं झोपतात. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदारानं राहायची सोय करायची होती. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात फुकट तात्पुरतं घर, सोबत वेगळी स्वयंपाकाची, आंघोळीची, धुण्याची, संडासची जागा. वाचायला छान होतं. २०२० मध्ये परवडणाऱ्या किरायाच्या संकुलांची योजना आली, ती शहरी. कारखाना ग्रामपंचायतीत, नियोजन क्षेत्र म्हणून अधिसूचित नाही, की बसा बोंबलत.

त्यांच्यासाठी एक 'डॉर्मिटरी' कोपऱ्यात काढली आहे, ९६ खाटा, चार न्हाण्या. हिशेब करा: एका पाळीचे ३२ जण, निघायच्या आधीचा पाऊण तास, माणशी अकरा मिनिटं. एका न्हाणीत चार माणसं होतात. आठ न्हाण्या लागतात, चार नाही. आणि तिन्ही पाळ्यांचे लोक एकाच हॉलमध्ये कोंबू नका, एकाचा गजर म्हणजे दुसऱ्याची मध्यरात्र. पाळीवार वेगळ्या खोल्या, आठ-आठ खाटांच्या. शटडाऊनला, म्हणजे कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हा, महिनाभर येणाऱ्या शेकडो वेल्डर-फिटरांचा तर नकाशात उल्लेखच नाही. ते दरवर्षीप्रमाणे मंगल कार्यालयात आणि शाळेच्या व्हरांड्यात झोपतील, शाळेला सुट्या असल्या तर.

हरकती लेखी, तीन प्रतीत, पंधरा दिवसांत मागवल्या आहेत. फ्लेक्स लागला तो बारावा दिवस होता.

शेवटचं, ते बॉटल पाम. रांगेनं चाळीस दाखवले आहेत. त्या झाडाखाली सावली म्हणजे फूटपट्टीएवढी. पश्चिमेकडून निंब लावा. पण भिंतीपासून २५ फूट तरी लांब, काळ्या मातीत झाड जवळ असलं की ते उन्हाळ्यात पायव्याखालची ओल ओढते आणि पुन्हा भेगा. खड्डा ३ बाय ३ बाय ३ फूट, काळी माती काढून मुरूम आणि शेणखत, रोप जुलैत चांगला पाऊस झाल्यावर. पहिले दोन उन्हाळे टँकरनं पाणी घाला, जे तुम्ही पामांना तसंही घालणारच आहात.