बेडका द्या की ओ मामा!

टीबीच्या निदानाचं सगळं शास्त्र शेवटी एका प्लास्टिकच्या डबीत काय पडतं यावर ठरतं, आणि तिथं बहुतेकदा थुंकी पडते. आम्हा लॅबवाल्यांना हवा असतो बेडका: छातीच्या तळातून खाकरून काढलेला, घट्ट, पिवळसर, 2 ते 5 मिली. हाती येते फेसाळ लाळ, काठोकाठ. ‘‘डबी गच्च भरून दिलो की ओ!’’ मामा सांगतात. मेहनतीबद्दल आदर आहे, पण जंतू फुफ्फुसात राहतो, गालात नाही.

मग शिकवणी. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी साध्या पाण्यानं चूळ भरा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि पोटातून खोका. तेही उघड्यावर, माणसांपासून लांब. यातलं ‘काही खाण्याआधी’ सोलापुरात कुणाला ऐकूच जात नाही. डबीत शेंगा चटणीचे कण तरंगतात. वर पान खाल्लेलं असलं, तर ते रक्त की कात, यावर आमचा परिसंवाद.

स्लाइडवर 2 बाय 3 सेंटिमीटरचा पातळ थर देतो. वर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत तापवायचं आणि 5 मिनिटं ठेवायचं. उकळू द्यायचं नाही. उकळलं की रंगाचे खडे जमतात आणि नवख्याला जिकडेतिकडे जंतू दिसतात. मग रंग धुवायला 25 टक्के सल्फ्युरिक ॲसिड. या जंतूचं आवरण मेणचट, त्यामुळे लाल रंग सोलापुरी चादरीसारखा पक्का. ॲसिडलाही दाद देत नाही. बाकी सगळं मिथिलीन ब्लूनं निळं. निगेटिव्ह लिहिण्याआधी 100 फील्ड, म्हणजे सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारे तुकडे, बघायची. नमुना थुंकीचा असला तर शंभरही फील्डांत गालाच्या पेशी, डोळे आमचे.

शिवाय मिलिलीटरमागे पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाला ते सापडणं कठीण. म्हणून सीबीनॅट, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारं मशीन. साधारण दोन तासांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का, दोन्ही सांगतं. फक्त त्याला खोली 30 अंशांच्या आत लागते, आणि मे महिन्यात सोलापूर 40 च्या वर. एसी मशीनसाठी असतो. आम्ही त्याच्या पुण्याईवर गार. बेडक्यात दुप्पट रिएजंट घालून जोरात हलवायचं, 15 मिनिटं थांबायचं. घाई केली की गाठी राहतात, नमुना घालायच्या बंद डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, प्रेशर चढतं आणि पडद्यावर ‘एरर’. मध्येच वीज गेली आणि यूपीएसनं मान टाकली, तरी कार्ट्रिज वाया. एरर म्हणजे निगेटिव्ह नव्हे, हे समजावेपर्यंत मामा ‘‘म्हंजे काय न्हाई न्हवं?’’ म्हणत एसटी स्टँडकडे निघालेले असतात.

औषधांचा कोर्स पुरा झाल्यावर हौसेनं सीबीनॅट मागणारेही भेटतात. ते मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा पकडतं, मग रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि घरभर रडारड. तिथं कल्चरच हवं. अंड्यांपासून केलेल्या हिरव्या माध्यमावर जंतू वाढवायचा. एकाचे दोन व्हायला त्याला 15 ते 20 तास लागतात, म्हणून निगेटिव्ह म्हणायला आठ आठवडे थांबावं लागतं. मावशींचा फोन तिसऱ्या दिवशी येतो: ‘‘उगवलं का ओ?’’