पूर येण्याआधी ॲप अपडेट करा

चिपळूणकरांनो, मेणबत्त्या, पोहे आणि दोरखंड ही मागासलेली तयारी आता पुरे. पोटमाळ्यावर माल चढवणं तर फारच गावंढळ. शहर डिजिटल होतंय, तुम्हीही व्हा.

सगळ्यात आधी तक्रारीचं ॲप घ्या. आमच्या आळीमागचा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, प्लास्टिक आणि राडारोड्याने गच्च भरलाय, म्हणून मी अगदी नियमाने गेलो. फोटो काढला, लोकेशन जोडलं. यादीत ‘पऱ्या’ नव्हताच, मग ‘गटार’ निवडलं. दुसऱ्याच दिवशी मेसेज: आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे, सेवेला तारे द्या. सोबत स्वच्छ गटाराचा फोटो. गटार सुरेख होतं, फक्त आमचं नव्हतं. आमच्या पऱ्याला काँक्रीटच्या भिंती कधी लागल्या? ‘समाधानी नाही’ दाबलं तर ओटीपी मागितला, आणि तो आला मुदत संपल्यावर. नवी तक्रार घातली तर ‘या ठिकाणची तक्रार निकाली निघालेली आहे’. तेव्हा गाळ काढायला फावडी आणि जेसीबी लागतात हा गैरसमज सोडा. ‘प्रलंबित’चं ‘निराकरण’ केलं की पऱ्या मोकळा. मग बैठकीत साहेब तक्ता दाखवतात, तक्ता हिरवागार, टाळ्या. पऱ्यात म्हैस उतरली तर गुडघाही भिजणार नाही इतका गाळ, पण तक्ता हिरवा!

रेड अलर्ट आला की कपडे बाहेर वाळत घाला.

‘तुरळक ठिकाणी अतिवृष्टी’ म्हणजे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं मंडणगड की दक्षिण टोकाचं राजापूर, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

आता नदी. घाटमाथ्यावर रात्रभर कोसळलं, त्यात कोयनेचं वीज करून झालेलं पाणी कोळकेवाडी धरणातून खाली आलं, आणि नेमकी त्याच वेळी दाभोळच्या खाडीतून भरती वर चढली, की वाशिष्ठीला जायला वाट उरत नाही. हे बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. पण तुम्ही डेटा वापरा. पाऊस एका संकेतस्थळावर, विसर्ग दुसऱ्या खात्याच्या पत्रकात, भरतीचं वेळापत्रक तिसरीकडे. तिन्ही उघडा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, एवढं धरा आणि चिंचनाक्यावर किती फूट चढेल ते काढा. रात्री दोनला, अंधारात. हे गणित करायला पगारी माणसं आहेत म्हणे, पण ती डॅशबोर्डच्या उद्घाटनाला गेलीत.

पॉवर बँकेला प्लास्टिकची पिशवी घाला.

पुरे झाली थट्टा. २६ जुलै २००५ ला शहर बुडालं, २२ जुलै २०२१ ला पुन्हा बुडालं. त्या दिवशी वीज गेली, फोन बंद पडले, माणसं छपरांवर बसून होती आणि मुंबई-पुण्यातली पोरं नुसते नंबर फिरवत राहिली. आणि साहेब, तुम्ही आम्हाला काय देता, तर नेट असेल तरच उघडणारं ॲप? नदीतला गाळ काढा हे सांगायला २०२१ सरताना लोकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं. तेव्हा कुठे गेले होते तुमचे डॅशबोर्ड?

पुराच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. त्या मोजून नकाशावर चढवा. पाऊस, विसर्ग आणि भरती एका ठिकाणी आणा आणि गल्लीचं नाव घेऊन सांगा: पुलापाशी पाणी इथवर आलं की तुमच्याकडे इतक्या वेळात येईल. नाक्यानाक्यावर बॅटरीवरचा भोंगा लावा आणि मे महिन्यात तो वाजवून बघा. पाणी सोडायच्या आधी खाली कळवायचं की सोडल्यावर पत्रक काढायचं, एवढं तरी एकदा ठरवा. आणि ते पत्रक सरळ मजकूर म्हणून टाका हो, वाकड्या कागदाचा फोटो नको. आमच्या आळीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना तो वाचताच येत नाही.