इगोरोट भाल्याचे काटे मोजणाऱ्यांनो, जरा थांबा

‘मोरो-इगोरोट या नरभक्षक जमातीचा अस्सल भाला कसा ओळखाल?’ अशा मथळ्याचा फॉरवर्ड सध्या व्हॉट्सॲपवर धुमाकूळ घालतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो ताईने टाकला. तिचा मुलगा फिलिपिन्समध्ये दावावला एमबीबीएस करतोय आणि सुट्टीत उत्तरेकडच्या बागिओ शहराच्या बाजारातून असा भाला आणून दिवाणखान्यात लावायचा त्याचा बेत आहे. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: पात्याला जितके काटे तितकी मालकाने तोडलेली मुंडकी, काळे डाग म्हणजे वाळलेलं रक्त, लिंबू चोळून नक्षी उमटली की माल अस्सल, याच भाल्यांच्या धसक्याने अमेरिकेने .45 कॅलिबरचं पिस्तूल काढलं. आणि ‘शोभेची वस्तू’ म्हणून तो सामानात बिनधास्त आणता येतो.

आधी मथळाच घ्या. मोरो-इगोरोट नावाची जमातच नाही. इगोरोट म्हणजे फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या उत्तरेतल्या कॉर्डिलेरा डोंगरातले बोंटोक, इफुगाव, कालिंगा, इबालोय वगैरे समाज. मोरो म्हणजे पार दक्षिणेला मिंदानाव आणि सुलू बेटांवरचे मारानाव, मागिंदानाव, ताउसुग असे मुस्लिम समाज. इगोरोटांचं बोंटोक ते मोरोंचं कोताबातो हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. भाषा वेगळ्या, धर्म वेगळा, हत्यारं वेगळी. नरभक्षक तर दोघंही नव्हते. शत्रूचं मुंडकं आणायची चाल इगोरोटांमध्ये होती, हे खरं. पण त्यावरून माणसं खाल्ल्याचा निष्कर्ष काढणाऱ्याला काय म्हणावं?

आता ते काटे. हा मुद्दा इतका हास्यास्पद आहे की तो हजारो लोकांनी न अडखळता पुढे ढकलला याचंच आश्चर्य वाटतं. पात्याच्या दोन्ही कडांना मागे वळलेले टोकदार काटे असतात, ते भाला घुसल्यावर सहज निघू नये म्हणून. ते पात्याचाच भाग असतात. लोहार पातं घडवतानाच ते काढतो आणि त्यानंतर पातं दांड्यात बसतं. पट्ट्याला गरजेप्रमाणे नवं भोक पाडावं तसा प्रत्येक बळीमागे एक काटा वाढवता येत नाही. त्यासाठी पात्यात आधीपासून जादा लोखंड शिल्लक ठेवावं लागेल, म्हणजे लोहाराला गिऱ्हाइकाचा भविष्यातला पराक्रम ठाऊक हवा!

आल्बर्ट जेंक्स हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ 1903 साली बोंटोकमध्ये राहिला आणि 1905 साली मनिलाहून त्याचा अहवाल छापून आला. त्यात लोहारांचे लाकडी नळकांड्यांचे भाते आहेत आणि भाल्यांचे प्रकारही आहेत. बिनकाट्याचं पातं हा एक प्रकार, बऱ्याच काट्यांचं पातं हा दुसरा, आणि प्रत्येकाला स्वतंत्र नाव. म्हणजे काटे हा घडणीचा प्रकार आहे, हिशेबवही नव्हे. शिवाय भाल्याने माणूस पाडायचा आणि मुंडकं तोडायचं ते कुऱ्हाडीने. मोरो भाले तर बहुतेक बिनकाट्याचे, लांबट पानासारखे. फॉरवर्डच्या हिशेबाने ते सगळे कोरेच म्हणायचे.

काळे डाग बहुधा गंजाचे आणि धुराचे असतात. पुढे चला.

लिंबाच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. मोरो लोहार कधीकधी लोखंड-पोलादाचे थर एकत्र ठोकून पातं करत आणि आंबट रसाने ते थर उठून दिसतात. पण थर दिसले म्हणजे थर आहेत एवढंच कळतं, वय कळत नाही. तसं पातं आजही घडवता येतं. आणि नवख्याने जुन्या पात्यावर लिंबू चोळलं की कायमचे चट्टे पडू शकतात, ते वेगळंच.

पिस्तुलाचंही तसंच अर्धवट. फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात असताना मोरोंशी झालेल्या लढायांत .38चं रिव्हॉल्व्हर अंगावर धावून येणाऱ्याला थोपवत नाही, अशी अमेरिकन सैनिकांची तक्रार होती. 1904 साली गोळ्यांच्या चाचण्या झाल्या आणि 1911 साली .45चं पिस्तूल सैन्यात आलं. पण ज्यांचा धसका होता ती मुख्यतः क्रिस आणि बारोंग ही जवळून चालवायची पाती. भाला या कथेत उगाच घुसडलाय.

शेवटचा मुद्दा मात्र पोराला गोत्यात आणणारा आहे. आपल्या शस्त्र नियमांच्या यादीत तलवार-खंजिराच्या रांगेत भाला नाव घेऊन लिहिलेला आहे. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा तो वर्ग. आणि 1959च्या शस्त्र कायद्याचं कलम 10 सांगतं की परवान्याशिवाय शस्त्र देशात आणायचं नाही. ‘भिंतीवर लावणार आहे’ हे कस्टमच्या टेबलावर सांगून काय उपयोग? तिकडेही कटकट आहेच. भाला खरोखर शंभर वर्षांचा असेल तर फिलिपिन्सच्या 2009च्या वारसा कायद्याप्रमाणे तो देशाबाहेर न्यायला परवानगी लागते. दुकानदार ‘अस्सल पुराणा’ म्हणतो आणि कागद देत नाही, तर एकतर तो खोटं बोलतोय किंवा तुम्हाला अडकवतोय.

खरं तर बाजारातला बहुतेक माल पर्यटकांसाठीच बनतो आणि हे अमेरिकन आल्यापासून चालू आहे. हातात घेऊन बघा: पातं पत्र्यातून कापल्यासारखं सपाट, मधला कणा उठलेला नाही, सगळे काटे एकाच साच्यातले, दांड्यावर चकचकीत व्हार्निश. जुन्या भाल्यात पातं जिथे दांड्यात शिरतं तिथली वेताची वीण बघायची. तिच्या पेडांच्या फटींत मळ घट्ट बसलेला असतो आणि दांडा पकडीच्या जागीच गुळगुळीत झालेला असतो, टोकापर्यंत सारखा नाही. हीही पक्की खूण नाही; मळ चोळताही येतो.

भाच्याला बघायचेच असतील तर बागिओहून बस धरून बोंटोकला जावं, तिथल्या संग्रहालयात इगोरोट हत्यारं आहेत. आणि ताई, तो फॉरवर्ड ग्रुपवरून काढ. मामींनी तो सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलाय, त्यांना तूच सांग.