वेगळ्या यंत्रापेक्षा हातमोजे महत्त्वाचे

हेपटायटिस सी (रक्तातून पसरणारा यकृताचा विषाणूजन्य आजार) झालेल्या रुग्णासाठी डायलिसिसचे वेगळे यंत्र ठेवले की संसर्ग थांबेल, हे डायलिसिसमधील संसर्गावरच्या तुमच्या लेखातील विधान मला पटले नाही. ती गरज हेपटायटिस बीच्या बाबतीत आहे. सीसाठी ‘केडिगो’ या मूत्रपिंडविकारांवरील संस्थेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे वेगळे यंत्र सुचवत नाहीत, कारण हा विषाणू मुख्यतः न बदललेले हातमोजे, डोळ्यांना न दिसणारे रक्ताचे डाग आणि सामाईक औषधे यांतून पसरतो. माझ्या यजमानांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा होत असे. फिस्टुलावर (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीवर) बोळा दाबून धरलेल्या त्याच हातमोज्यांनी शेजारच्या यंत्राची बटणे दाबली जाताना आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची एकच बाटली खाटेखाटेवर फिरताना मी स्वतः पाहिली आहे. ती परिचारिका निष्काळजी मुळीच नव्हती. ती एकटी सहा खाटा सांभाळत होती आणि सुई टोचली जाण्याचा धोका तिलाही होताच.

लेखात उपचारांचा उल्लेखही नाही, ही उणीव मला फार जाणवली. या आजारावर लस नसली, तरी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात आणि २०१८मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून त्या मोफत दिल्या जातात, हे कित्येक डायलिसिस रुग्णांना कोणी सांगितलेलेच नसते.